ससूनवघरच्या चढावरची पंचवीस मिनिटे

मंगळवार, १३ एप्रिल १९८२. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी वसईजवळच्या गास गावातल्या आरोग्य सोसायटीची पांढरी मोटार हमरस्त्यावर ससूनवघरच्या चढाला थांबली. बोनेटखालून वाफ येत होती. मागच्या सीटवर शकू नावाची बाई होती, पहिलटकरीण, कळा सुरू झालेली. तिच्याजवळ सासू कृष्णाबाई, पुढे नवरा जयराम. चालवत होता फर्डिनंड. गेली अकरा वर्षे सोसायटीची मोटार तोच चालवत होता.

गासपासून मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत निम्मा रस्ता झाला होता.

फर्डिनंडने इंजिन बंद केले, हाताला गोणपाट गुंडाळून बोनेट वर केले आणि मागे सरून उभा राहिला. जयराम उतरून डिकीकडे गेला. डिकीत पाण्याचा वीस लिटरचा कॅन होता, काठोकाठ भरलेला.

"वत," जयराम म्हणाला.

"आत्ता नाही."

"पानी हाय ना? मग वत."

"तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं की हेड फुटतं. मग गाडी इथंच राहील. थोडं थांबू दे."

"किती?"

"पंचवीस मिनिटं."

जयराम खाडीकडच्या पाड्यावरचा. भातशेती करणारा, बोलायला कमी. त्याने कॅन जमिनीवर आपटला. "आत बायको मरतेय नि तू इंजिनाचं डोकं सांभाळ."

"डोकं फुटलं तर कोणीच पोचणार नाही, जयराम."

आतून कृष्णाबाईची हाक आली. "अरे बाबा फर्डी, पोरीला पान्याचा घोट तरी दे त्यातला." फर्डिनंडने कॅनमधून तांब्याभर पाणी दिले. एवढेच पाणी त्या पंचवीस मिनिटांत खर्च झाले. दोन मोटारी वर गेल्या, जयरामने हात केला, थांबल्या नाहीत.

तीन वाजून पाच मिनिटांनी फर्डिनंडने रेडिएटरचे झाकण उघडले आणि थोडे थोडे पाणी घालायला सुरुवात केली. तीन वाजून बारा मिनिटांनी खडीचा एक ट्रक थांबला. जयरामने शकूला उचलून केबिनमध्ये बसवले, आईला वर ओढले आणि स्वतः खडीवर चढला. जाताना त्याने फर्डिनंडकडे पाहिले नाही.

ट्रक चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलात पोचला. चार पंचवीसला मुलगी झाली. ती रडली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवले. पाळीवरच्या डॉक्टरने जयरामला सांगितले, "अर्धा तास आधी आला असतात तर," आणि वाक्य अर्धे टाकून तो पुढच्या खाटेकडे वळला.

फर्डिनंड वाटेत दोनदा थांबत चार पस्तीसला पोचला. वॉर्डाच्या दारात जयराम उभा होता. त्याने फर्डिनंडला आत जाऊ दिले नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष ॲन्सेल्म सर फर्डिनंडच्या घरी आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. दारातच उभे राहून त्यांनी मोटारीची किल्ली मागितली.

"जयरामने हॉस्पिटलातून फोन करून सांगितलंय की तू निघताना पाणी बघितलं नाहीस. तो म्हणतो, तुझ्या हातात पुन्हा गाडी दिली तर खाडीकडचं एकही घर सोसायटीत राहणार नाही."

"सकाळी सहाला पाणी बघितलंय. वहीत लिहिलंय."

"वही तू लिहितोस, फर्डिनंड."

आतून त्याची बायको रेजिना बाहेर आली. "अकरा वर्षं कोण लिहीत होतं, सर? तेव्हा तुम्ही खाली सही करत होता."

सरांनी किल्ली खिशात घातली. कमिटीची बैठक रविवारी संध्याकाळी आहे एवढे सांगून ते गेले. त्या बैठकीत फर्डिनंडला काढायचे की ठेवायचे, हे ठरणार होते. गावात ह्याबद्दल कोणाला शंका नव्हती. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर एकच बोलणे होते: ड्रायव्हर पाणी बघायला विसरला आणि शिवाय जवळ पाणी असून ओतले नाही.

फर्डिनंड विसरलेला नव्हता. म्हणून त्याचा राग दुपटीचा होता.

बुधवारी सकाळी तो वसईच्या एसटी आगारात गेला. तिथला फिटर प्लासिड त्याच्या माहितीचा होता. फर्डिनंडने सगळे सांगितले: पाणी पुरे होते, पंख्याचा पट्टा घट्ट होता, कुठे गळती नव्हती. प्लासिडने एकच प्रश्न विचारला.

"थर्मोस्टॅट आहे का काढलाय?"

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेत बसवलेली मुठीत मावेल एवढी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद असते. पाणी ठरावीक तापले की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडते. वसई-विरारच्या गॅरेजांत ती काढून टाकायची पद्धत होती. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असे म्हणून मेकॅनिक ती काढत, आणि गाडीवाले खूश होत, कारण मग तापमानाचा काटा खालीच राहत असे.

"काढलाय," फर्डिनंड म्हणाला. "काल सतरा दिवस झाले. अडकत होता म्हणून गॅरेजवाल्या सॅन्टनकाकांनी काढला."

"जागेवर नवा बसवला?"

"नाही."

प्लासिडने तेलकट हाताने जमिनीवर आकृती काढली. ह्या जुन्या इंजिनात झडपेला खालून पितळेचा घेर असतो. झडप उघडली की तो घेर बाजूची एक वाट बंद करतो. झडपच काढली तर बाजूची वाट कायमची उघडी. निम्मे पाणी रेडिएटरकडे जातच नाही, तापलेलेच इंजिनात परत फिरते. गावातल्या गावात दोन मैल फिरलात तर कळणार नाही. चार माणसे घालून, उन्हात, चढावर न्या, की उकळलीच.

"बाकीच्या गाड्यांचं चालतं, कारण त्यांना ती बाजूची वाट नाही," प्लासिड म्हणाला. "ह्याला आहे. काकांना माहीत नव्हतं का?"

ते सतरा दिवस फर्डिनंडला आठवले. काटा कधी तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला नव्हता. त्याने स्वतः ॲन्सेल्म सरांना मोटारीत बसवून तो काटा दाखवला होता. इंजिन बघा, सर, बर्फासारखं.

सॅन्टनचे गॅरेज सोपाऱ्याच्या रस्त्याला. वय पासष्ट. फर्डिनंड त्याच्याकडे सहा वर्षे उमेदवारी करून शिकला होता, पाना धरायचा कसा इथपासून. तो पोचला तेव्हा सॅन्टन एका टेम्पोखाली पडलेला होता. फक्त पाय दिसत होते.

"काका, तुम्ही झडप काढलीत म्हणून गाडी उकळली."

पाय हलले नाहीत. "चाळीस वर्षांत दोनशे गाड्यांच्या काढल्या. एक उकळली नाही."

"ही उकळली."

"पाणी बघितलं नसशील."

"तुम्हीसुद्धा तेच म्हणता?"

सॅन्टन बाहेर आला, उठून बसला, कपाळ पुसले. "मग काय म्हणू? गाव माझ्या गॅरेजवर दगड मारू दे, असं म्हणू? काल संध्याकाळपासून दोन जण येऊन विचारून गेले. मी म्हटलं, माझं काम चोख आहे."

"तुमचं काम चोख नव्हतं. ह्या इंजिनात ती काढायची नसते. प्लासिडने आकृती काढून दाखवली."

"प्लासिडला बसचं इंजिन दुरुस्त करू दे. तू मोठा शहाणा झालास. सत्तावीस तारखेला इथंच उभा होतास ना? झाकणाचे नट कोणी ढिले केले? पाना कोणाच्या हातात होता?"

फर्डिनंडने जमिनीवर पडलेला पाना पायाने बाजूला सारला.

"तेव्हा हसत होतास," सॅन्टन म्हणाला. "म्हणालास, काका, एक कटकट गेली. आता माझ्यावर ओरडायला आलास." आणि तो पुन्हा टेम्पोखाली सरकला.

फर्डिनंड तिथे आणखी थोडा वेळ त्या पायांकडे पाहत उभा राहिला. एक लाथ घालावी असे त्याच्या मनात आले होते, हे त्याने घरी रेजिनाला सांगितले. घातली नाही, हेही सांगितले.

गुरुवारी त्याने मुंबई गाठली. ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्यांची रांग आहे. पहिल्या दोन दुकानांत बिनघेराची झडप मिळत होती. चालेल, सगळे हीच नेतात, असे दोघांनीही सांगितले. तिसऱ्या दुकानात म्हातारा गुजराती शेठ माळ्यावर चढला आणि घेर असलेली झडप धुळीच्या खोक्यातून काढून आणली.

त्या रात्री जेवण होण्याआधी फर्डिनंडने शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर काढला आणि चुलीवर टोप ठेवला.

"चहाचा टोप आहे तो," रेजिना म्हणाली.

"धुऊन देतो."

"आणि घरात ताप मोजायचा आहे ना एक, तो नाही का चालत?"

"तो बेचाळीस अंशांना संपतो. तो माणसांचा."

झडप दोऱ्याला बांधून त्याने पाण्यात सोडली. पाणी ऐंशी अंशांपर्यंत आले तरी काही झाले नाही. ब्याऐंशीला झडपेची चकती हलली. नव्वदच्या पुढे ती पुरती उघडली होती. त्याने टोप उतरवून पाणी निवू दिले, चकती मिटली. तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा आकडा तोच आला. रेजिना कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हे कमिटीला दाखव," ती म्हणाली. "आणि दाखवताना असा खाली मान घालून दाखवू नकोस."

शुक्रवारी तो ॲन्सेल्म सरांकडे गेला. मागणी एकच: दोन फेऱ्या करू द्या. शनिवारी झडपेशिवाय, रविवारी झडप घालून. तीच वेळ, तोच रस्ता, तेवढीच माणसे. काट्याच्या नोंदी सरांनी स्वतः घ्यायच्या. आणि मोटारीत जयराम बसला पाहिजे.

"जयराम येणार नाही," सर म्हणाले.

जयराम आला. हॉस्पिटलात आईला शकूपाशी ठेवून तो शनिवारी दुपारी एकला गासला पोचला. मुलगी अजून पेटीत होती. तो मागच्या सीटवर बसला, त्याच जागी जिथे शकू बसली होती. सोसायटीचा एक सभासद शेजारी बसला. सर पुढे, मांडीवर वही, हातात पेन्सिल. निघताना सरांनी स्वतः झाकण उघडून पाणी पाहिले. काठापर्यंत होते.

किल्ली त्यांनी तेवढ्यापुरती फर्डिनंडच्या हातात दिली आणि एक पन्नासला मोटार निघाली. सरांच्या अक्षरातल्या नोंदी अशा आहेत: सोपारा, काटा थंड रेघेच्या जरा वर. हमरस्ता लागला, दोन वाजून सोळा, काटा मध्याला. दोन एकोणतीस, मध्याच्या वर. दोन चौतीस, चढ सुरू, लाल रेघेला दोन बोटे कमी. दोन सदतीस, लाल रेघ.

फर्डिनंडने मोटार कडेला घेतली. मंगळवारी थांबली होती ती जागा तिथून तीनशे पावले पुढे होती.

"बघितलंत?" तो म्हणाला. "पाणी तुम्ही बघितलं होतंत, सर."

सरांनी मान हलवली आणि लिहिले. मागचा सभासद उतरून झाडाखाली गेला. जयराम डिकीकडे गेला. कॅन काढून तो बोनेटसमोर येऊन उभा राहिला.

"आता वत," तो म्हणाला.

फर्डिनंडला आधी कळले नाही.

"आज कोनी मरत नाय गाडीत. आज वत. फुटतंय का बघू."

"जयराम, गाडी गावाची आहे."

"त्या दिवशी बी गावाचीच होती. वत. फुटलं तर मी तुझ्या पाया पडेन, इथंच, सरांसमोर. म्हनेन, फर्डी, तू बरोबर होतास."

"फुटलं तर उद्या कोणाला न्यायचं झालं तर काय?"

"म्हंजे तुला बी माहीत नाय."

बोनेटखाली तापलेले लोखंड टिकटिक वाजत होते. सर पेन्सिल थांबवून फर्डिनंडकडे पाहत होते.

"किती फुटताना बघितलीस?" जयरामने विचारले.

"एकही नाही."

"मग कोनी सांगितलं?"

"सॅन्टनकाकांनी. शिकत होतो तेव्हा."

"त्यानंच झडप काढली ना?"

"हो."

जयरामने कॅन ओतला नाही. त्याला हवे असते तर तो ओतू शकत होता. कोणी अडवले नसते, असे सरांनी नंतर सांगितले. त्याने कॅन खाली ठेवला आणि त्यावरच बसला. पंचवीस मिनिटे तो तसाच बसून होता. सरांचे घड्याळ त्याने मागून घेतले आणि हातात धरून ठेवले. मध्ये एकदाच बोलला. "नऊ झाली," तो म्हणाला. झाडाखालून सभासदाने विचारले, काय नऊ? जयरामने घड्याळ वर धरून दाखवले.

परत आल्यावर फर्डिनंड सायकल मारत वसईला प्लासिडकडे गेला आणि विचारले, गार पाण्याने हेड खरेच फुटते का. प्लासिड म्हणाला, कधी फुटते, कधी नाही. इंजिन चालू ठेवून बारीक धारेने घातले तर बहुधा नाही फुटत. त्याने स्वतः दोन फुटलेली पाहिली होती. न फुटलेली मोजली नव्हती.

रविवारी चर्चात मिस्सा झाल्यावर फर्डिनंडने नवी झडप बसवली. झाकणाखाली नवी कागदी चकती कापून घातली, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले, पाणी भरले. दुपारी एक पन्नासला तीच माणसे निघाली, फक्त जयराम नव्हता. तो रात्रीच मुंबईला परत गेला होता. त्याच्या जागी भाताचे अर्धे पोते ठेवले. काटा हमरस्त्याच्या आधीच मध्याला आला. तिथून सरांनी सतरा नोंदी घेतल्या. ससूनवघरचा चढ, खाडीचा पूल, पलीकडे आणखी पाच मैल. सतराही ठिकाणी एकच शब्द आहे: मध्य.

संध्याकाळी बैठक शाळेच्या खोलीत भरली. पाच सभासद आणि अध्यक्ष. सरांनी दोन्ही दिवसांच्या नोंदी वाचून दाखवल्या. पाणी कमी नव्हते, दोष झडपेचा, हे सर्वांनी मान्य केले. एकाने सॅन्टनकडे पुन्हा गाडी पाठवू नये असे सुचवले. तेही मान्य झाले. सॅन्टनला बोलावले होते. तो आला नव्हता.

"म्हणजे ड्रायव्हरचा दोष नाही," दुसरा म्हणाला. "किल्ली परत द्या, संपलं."

"झडप काढली तेव्हा तू कुठे होतास?" सरांनी फर्डिनंडला विचारले.

रेजिना खिडकीबाहेर उभी होती. ती म्हणाली, "सर, हे विचारायचं कारण काय?"

"तिथेच होतो," फर्डिनंड म्हणाला. "नट मी ढिले केले. झडप काकांनी काढली, पण मी हसलो. नवी घाला असं म्हटलं नाही. सतरा दिवस काटा खाली बघून खूश होतो. तुम्हालासुद्धा दाखवला."

मग सगळे एकदम बोलू लागले. ज्याने किल्ली परत द्या म्हटले होते तोच आता सर्वांत मोठ्याने बोलत होता. तिघे म्हणाले काढा. दोघे म्हणाले ठेवा; झडप काढणे सगळे गावच करते, एकट्याला कसे धरायचे. सरांनी मत दिले नाही. त्यांनी ठेवा म्हटले असते तर मते तीन-तीन झाली असती, आणि मग अध्यक्षाने पुन्हा एक निर्णायक मत द्यायचे असा सोसायटीचा नियम. त्यांनी वही मिटली आणि जयरामचे म्हणणे ऐकल्याशिवाय काही लिहिणार नाही असे सांगितले.

"किल्ली तुमच्याकडे," रेजिना खिडकीतून म्हणाली. "चालवता येते का तुम्हाला?"

सोमवारी सरांनी पोस्टातून हॉस्पिटलला फोन लावला. जयराम यायला वीस मिनिटे लागली. सरांनी नोंदी सांगितल्या, मते सांगितली. जयरामने सगळे ऐकून घेतले.

"त्या तुमच्या कागदात ती पंचवीस मिन्टं हायत का?" त्याने विचारले.

"आहेत. लिहिलीत."

"मग ती त्यानं येऊन शकूला सांगावी. मला नको. मी ऐकलं. तिला सांगावं, पानी व्हतं नि का नाय वतलं. ती म्हनेल ठेवा तर ठेवा. ती म्हनेल काढा तर काढा. आमचं मानूस ती हाय."

सरांनी निरोप दिला. फर्डिनंड अंगणात वाल सोलत होता. तो म्हणाला, जातो.

"पाठ करून जाऊ नकोस," रेजिना म्हणाली.

मंगळवार, २० एप्रिल. भेटीची वेळ चार ते सहा. फर्डिनंड चारला पाच मिनिटे असताना वॉर्डाबाहेर पोचला. जयरामने त्याला आत सोडले आणि स्वतः बाहेर थांबला. कृष्णाबाईही थोड्या वेळाने बाहेर आली. मुलगी आठव्या दिवशीही पेटीत होती. सकाळी तिने चमच्याने दोनदा दूध घेतले होते. पुढचे डॉक्टर सांगत नव्हते.

पाच वाजता ॲन्सेल्म सरांनी पोस्टातून पुन्हा फोन लावला. फोनवर जयराम आला.

"काय म्हणाली शकू?"

"माहीत नाय. तो अजून आत हाय."

"दारातून काही ऐकू आलं का?"

"तिचा आवाज येत व्हता," जयराम म्हणाला. "त्याचा नाय."